डिस्कस पुन्हा पुन्हा काळे पडतात, खाणे सोडतात: कुठून तपासायला घ्यायचे

लक्षणे

डिस्कस या शोभेच्या माशात पुढच्यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर वाचत राहा.

- अंग काळपट झालेले. एरवी फिके असणारे उभे पट्टे (साधारण नऊ) आता ठळक.
- मासा हीटरच्या किंवा फिल्टरच्या आडोशाला, तोंड कोपऱ्याकडे करून एका जागी उभा.
- पर अंगाला मिटून घेतलेले.
- खाणे तोंडात घेऊन थुंकतो, किंवा खाण्याकडे वळतच नाही.
- कल्ले भराभर हलतात. कधी एकच कल्ला चालतो, दुसरा मिटलेला असतो.
- पाइपवर, लाकडावर अंग घासतो, मध्येच झटका दिल्यासारखा पळतो.
- विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी, मागे लोंबणारी.
- पाणी बदलले की एक-दोन दिवस बरे, मग पहिले पाढे पंचावन्न.

डिस्कसच्या टाक्या लावून देताना आणि बिघडलेल्या दुरुस्त करताना मला हीच तक्रार सर्वांत जास्त वेळा भेटली आहे. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्या टाकीत बहुधा दोन-तीन औषधे पडून गेलेली असतात. रोग मात्र दर वेळी असतोच असे नाही, बरेचदा कारण पाण्यातच सापडते. म्हणून खालच्या क्रमात औषध सर्वांत शेवटी येते. तोवर बाटली कपाटातच राहू द्या. काही औषधे फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतात, काही पाण्यातला ऑक्सिजन कमी करतात. मूळ दोष पाण्याचा असेल तर त्यात ही भर नको.

पिजन ब्लड जातीचे डिस्कस पाळणाऱ्यांना एक सूचना. या माशांना उभे पट्टे नसतात, त्यामुळे ताण आला तरी ते बाकीच्यांसारखे काळे पडलेले दिसत नाहीत. त्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके येतात, आणि तेसुद्धा अनेकदा नुसत्या गडद पार्श्वभूमीमुळे. त्यांच्या बाबतीत रंगावर विसंबू नका. श्वास, पर आणि भूक बघा.

आधी दोन प्रश्न

पहिला: एकच मासा काळा आहे की सगळे? सगळे एकदम बिघडले असतील तर संशय पाण्यावर घ्या. एकच बिघडला आणि बाकीचे मजेत खात असतील तर संशय त्या माशावर किंवा त्याला छळणाऱ्या दुसऱ्या माशावर. निम्मी तपासणी या एका प्रश्नात होते, तरी तो विचारायचा राहून जातो.

दुसरा: कधी? तक्रार पुन्हा पुन्हा येते याचा अर्थ तिला वेळापत्रक आहे. टाकीशेजारी वही ठेवा आणि एक-दोन आठवडे नोंद करा: पाणी कधी बदलले, फिल्टर कधी धुतला, खाणे काय दिले, मासे कधी काळे पडले. त्यातून साधारण असे उलगडते:

पाणी बदलल्यावर काही तासांत बिघडतात: नवे पाणी तपासा.
पाणी बदलायच्या आधीचे एक-दोन दिवस बिघडतात: टाकीत घाण साठते आहे.
पहाटे वाईट, दुपारनंतर बरे: ऑक्सिजन किंवा तापमान.
फिल्टर धुतल्यावर दोन-तीन दिवसांनी: अमोनिया किंवा नायट्राइट (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्ये).
नवा मासा आल्यावर एक-दोन आठवड्यांत: इथे रोगाचा विचार आधी करा.

1. नुसते बसून बघा

खर्च शून्य. टाकीपासून थोडे लांब, हालचाल न करता अर्धा तास बसा. डिस्कस माणूस ओळखतात. तुम्ही काचेला नाक लावून उभे असलात तर त्यांचे खरे वागणे दिसणार नाही.

कोण कोणाला हुसकावतो ते बघा. डिस्कस सिक्लिड कुळातला मासा आहे, दिसायला शांत असला तरी त्याच्या कळपात मानापमान कडक असतात. दोन-तीनच मासे ठेवले तर सगळ्यात दुबळ्यावर सगळा मार येतो आणि तो काळा पडून कोपरा धरतो. पाच-सहा किंवा त्याहून जास्त असतील तर दादागिरी वाटली जाते. म्हणून सुरुवातीलाच पाच-सहाचा गट घ्यावा आणि प्रत्येक मोठ्या माशामागे निदान 40 लिटर पाणी धरावे, म्हणजे टाकी 200 ते 250 लिटरच्या खाली नको. छोट्या टाकीत दोन डिस्कस शोभेला ठेवायचा बेत असेल तर या तक्रारीवर कायमचा इलाज नाही.

छळ दिसला तर खाणे टाकीच्या दोन टोकांना द्या, लाकूड आणि झाडांची जागा बदला. तरी थांबला नाही तर मार खाणाऱ्याला न हलवता मारणाऱ्याला काही दिवस वेगळे ठेवा. परत येतो तेव्हा तो नवखा असतो आणि त्याचा रुबाब उतरलेला असतो. दोन मासे एखादा उभा पाइप किंवा लाकूड तोंडाने साफ करत बाकीच्यांना त्या बाजूला फिरकू देत नसतील तर ती जोडी जमली आहे. तिला स्वतंत्र टाकी द्या, बाकीच्यांचा रंग आपोआप परततो.

याच बैठकीत श्वास मोजा. एका माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते लिहून ठेवा. मासे ठणठणीत असतानाचा आकडा वहीत आधीपासून असेल तर सोन्याहून पिवळे, कारण बिघाड ओळखायला पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्याच माशाचा जुना आकडा जास्त कामाला येतो.

2. टाकीच्या आजूबाजूला

हेही फुकट. अंधाऱ्या खोलीत दिवा एकदम लागला तर डिस्कस दचकून काचेवर आपटतात. खोलीतला दिवा आधी लावा, टाकीचा नंतर. टाकी येण्याजाण्याच्या वाटेवर असेल किंवा शेजारी दार आपटत असेल तर मागची आणि एक बाजूची काच झाकून बघा. काळी वाळू आणि काळी पार्श्वभूमी असेल तर मासा त्या रंगाशी जुळवून घेतो. तो खातो-पितो, पर उघडे आहेत, फक्त गडद दिसतो, तर ही तक्रारच नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. खोलीत डास-झुरळांसाठी फवारा मारला, डास पळवणारे यंत्र रात्रभर चालू ठेवले, भिंतीला रंग दिला. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. घरगुती कीटकनाशकांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली द्रव्ये माशांना फार विषारी असतात. सगळे मासे अचानक बिघडले आणि पाण्याच्या चाचण्या निर्दोष आल्या, तर घरात काय फवारले हे आधी विचारा. फवारल्याचे कळले तर खोलीतली हवा मोकळी करा, लगेच निम्मे पाणी बदला आणि फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा टाका.

3. थर्मामीटर

डिस्कसना 28 ते 30 अंश सेल्सिअस लागते. पाणी 26 च्या खाली रेंगाळले की भूक मंदावते, प्रतिकारशक्ती घटते आणि बाकी सगळे त्यामागून येते. हीटरवरचा आकडा खरा मानू नका, त्याचा थर्मोस्टॅट दोन-तीन अंशांनी चुकलेला असणे अगदी नेहमीचे. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टीसुद्धा खोलीच्या हवेने फसते. पाण्यात बुडणारा साधा काचेचा थर्मामीटर घ्या आणि टाकीच्या दोन टोकांना, पहाटे आणि दुपारी, असे चार आकडे लिहा. दोन टोकांत अंशभराहून जास्त फरक असेल तर पाणी नीट फिरत नाही, हीटर फिल्टरच्या प्रवाहात हलवा. पहाटे-दुपारी फरक असेल तर हीटर कमी पडतो आहे.

थंड खोलीत साधारण लिटरला एक वॅट हा अंदाज चालतो. पण 250 लिटरला 250 वॅटचा एक घेण्याऐवजी निम्म्या ताकदीचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा पाणी गार होऊ देत नाही. एक चालूच्या चालू अडकला तरी एकट्याने टाकी उकडवायला त्याला वेळ लागतो, तेवढ्यात तुमच्या लक्षात येते. तापमान वाढवायचे असेल तर तासाला अर्ध्या अंशाहून जास्त घाई नको. आणि पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबा. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापलेला हीटर गार पाणी लागताच तडकतो.

4. हवा

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशांना लिटरमध्ये साधारण 9 मिलीग्रॅम मावतो, 29 अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय गरम पाण्यात मासे आणि जिवाणू दोघांचाही श्वास वाढलेला. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च जास्त. डिस्कसना जोराचा प्रवाह आवडत नाही म्हणून फिल्टरचे तोंड पाण्याखाली वळवले जाते, पृष्ठभाग निश्चल राहतो, आणि पहाटे मासे धापा टाकतात. झाडे भरपूर असतील, त्यातून कार्बन डायऑक्साइडही सोडत असाल, तर रात्री झाडेही ऑक्सिजन खातात.

चाचणी सोपी: एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) जास्तीचा लावा आणि दोन रात्री चालवा. सकाळचे श्वास कमी झाले की कारण सापडले. स्पंज फिल्टर लावलात तर हवा आणि गाळण दोन्ही होते. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. वीज काही तास गेलेली असताना कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) बंद होता, तर तो तसाच सुरू करू नका. आतले पाणी ऑक्सिजनविना कुजलेले असते. ते ओतून द्या, आतला माल टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग चालू करा.

5. नवे पाणी

पाणी बदलल्यावर मासे बिघडतात ही तक्रार सर्वांत गोंधळात टाकणारी, कारण डिस्कसला भरपूर पाणी बदला असेच सगळे सांगतात. सांगतात ते बरोबर आहे. पण आत जाणारे पाणी कसे आहे ते कोणी मोजत नाही.

एक पेला नवे पाणी घ्या आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी याचा आकडा; 7 च्या खाली आम्लधर्मी) लगेच मोजा. दुसरे बादलीभर पाणी एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवा आणि पुन्हा मोजा. बोअरच्या किंवा खोल विहिरीच्या पाण्यात बरेचदा कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला आणि ऑक्सिजन कमी असतो. ताजे असताना पीएच 6.8 दाखवणारे पाणी दुसऱ्या दिवशी 7.6 दाखवते. अशा पाण्याने निम्मी टाकी भरली तर मासे आधी कार्बन डायऑक्साइडने गुदमरतात आणि मग दिवसभर पीएच चढत राहतो. पाळलेल्या पिढ्यांतले डिस्कस 7.4 किंवा 7.6 लाही सुखाने राहतात, पण दर दोन दिवसांनी असा हेलकावा त्यांना सोसत नाही. पीएच कमी करायच्या बाटल्यांनी हा हेलकावा आणखी वाढतो. पाणी ड्रममध्ये रात्रभर हवा आणि हीटर लावून ठेवणे हा खरा उपाय. दोन मोजण्यांत फरक पडत नसेल तर ड्रमचा खटाटोप करू नका.

नळाचे पाणी असेल तर क्लोरीन बघा. साधे क्लोरीन हवा लावून ठेवल्याने बऱ्यापैकी उडते, सोडियम थायोसल्फेटने लगेच जाते. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असते, ते असे उडत नाही. थायोसल्फेटने त्यातले क्लोरीन निघाले तरी अमोनिया मागे राहतो. तुमच्या नळाच्या ताज्या पाण्यातच अमोनियाची चाचणी काही दाखवत असेल तर क्लोरामाइनचा संशय घ्या आणि अमोनियाही बांधून ठेवणारे कंडिशनर वापरा. मात्रा ओतलेल्या पाण्यापुरती की सगळ्या टाकीची, हे त्याच्या वेष्टनावर वाचा. नव्या पाण्याचा नळ सरळ टाकीत सोडणार असाल तर सगळ्या टाकीची मात्रा धरावी लागते.

काचेवर आणि माशांच्या परांवर पाणी बदलल्यावर बारीक बुडबुडे जमतात का? गार पाणी एकदम गरम केले की त्यातली जास्तीची हवा अशी बाहेर पडते. ती माशाच्या अंगातही बुडबुडे करू शकते. उपाय तोच, ड्रम आणि रात्रभर हवा.

आरओ पाणी वापरत असाल तर ते एकटे वापरू नका. त्यात क्षार जवळपास नसतात, पीएच धरून ठेवायला काहीच नसते. यातून काय होते ते पुढच्या तपासणीत येते.

6. टाकीच्या पाण्याच्या चाचण्या

आता थोडा खर्च. थेंबांचे किट घ्या. पट्ट्यांनी ढोबळ अंदाज येतो, डिस्कसला तेवढा पुरत नाही. मुदत बघा. नायट्रेटच्या बऱ्याच किटमध्ये एका बाटलीत तळाशी चूर्ण बसते. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा, कमी येतो, आणि तुम्ही निर्धास्त राहता.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला 20 मिलीग्रॅमच्या खाली, हे लक्ष्य.

नव्या टाकीत अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर टाकी अजून सायकल झालेली नाही. फिल्टरमध्ये जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एका रात्रीत टाकी तयार करणाऱ्या बाटल्यांवर डिस्कसचा जीव टांगू नका. चालत्या, निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर वेळ खूप वाचतो. तोवर रोज एक तृतीयांश पाणी बदला आणि खाणे निम्म्यावर आणा. नायट्राइटमुळे रक्त तपकिरी पडते आणि ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, म्हणून हवा भरपूर असूनही मासे धापा टाकतात. दहा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून टाकले की त्यातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. हा तात्पुरता आडोसा आहे, पाणी बदलणे चुकत नाही.

जुन्या टाकीतला सापळा वेगळा. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच धरून ठेवण्याची ताकद, खातात. आरओच्या मऊ पाण्यात ती मुळातच तुटपुंजी. ती संपली की पीएच घसरतो, 6 च्या खाली जिवाणूंचे काम जवळपास थांबते आणि अमोनिया साठू लागतो. गंमत अशी की मासे लगेच मरत नाहीत. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो फारसा विषारी नाही. मासे फक्त मलूल, काळपट राहतात. मग कोणीतरी सल्ला देतो, निम्मे पाणी बदला. नव्या पाण्याचा पीएच 7.8. टाकीचा पीएच एकदम चढतो आणि साठलेले अमोनियम विषारी अमोनियात बदलते. 28 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच 8 ला तोच हिस्सा साडेसहा टक्क्यांच्या घरात जातो. जवळपास दहापट. पाणी बदलल्यावर संध्याकाळपर्यंत मासे आडवे पडले, अशा हकिकतींमागे मला हेच कारण अनेकदा सापडले आहे.

म्हणून जुन्या टाकीत मोठा बदल करण्याआधी टाकीचा पीएच आणि अमोनिया, नव्या पाण्याचा पीएच आणि दोन्हींची क्षारता, म्हणजे कार्बोनेट कठीणता (किटवर केएच), मोजा. टाकी 6 च्या खाली आणि अमोनिया चढलेला असेल तर आधी अमोनिया बांधणारे कंडिशनर टाका, रोज फक्त दहा टक्के पाणी बदला आणि पीएच चार-पाच दिवसांत हळूहळू वर येऊ द्या. केएच दोन-तीन अंशांवर टिकेल इतके नळाचे पाणी आरओत मिसळत राहा. कंडिशनर वापरल्यावर काही किटमध्ये बांधलेला अमोनियाही मोजला जातो, तेव्हा आकडा लगेच शून्य झाला नाही म्हणून घाबरू नका.

पिल्ले वाढवत नसाल तर फार मऊ पाण्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यातले पाणी मऊ आणि आम्लधर्मी असते हे खरे. पण आज मिळणारे बहुतेक डिस्कस टाक्यांमध्येच पिढ्यान्पिढ्या वाढलेले आहेत आणि त्यांना स्थिर पाणी जास्त मानवते. थेट नदीतून पकडून आणलेले मासे असतील तर गोष्ट वेगळी.

7. फिल्टर आणि तळ

फिल्टर धुतल्यावर दोन-तीन दिवसांनी बिघाड होत असेल तर धुण्याची पद्धत बघा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात सगळा माल चकचकीत धुतला की जिवाणू गेले. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळा आणि एका वेळी निम्माच भाग.

उलट, फिल्टर महिनोन् महिने न उघडणेही वाईट. त्यातला गाळ टाकीच्या पाण्यातच कुजत असतो, फक्त नजरेआड. पुढचा स्पंज दर आठवड्याला पिळावा. तळाची वाळू बोटाने ढवळून बघा. ढग उठला तर तिथे खाणे आणि विष्ठा साठली आहे, आणि 29 अंशांत ती झपाट्याने सडते. वाढत्या वयाच्या डिस्कसना मी तळ मोकळाच ठेवतो. शोभा जाते, पण रोज दोन मिनिटांत नळीने घाण ओढून घेता येते. वाळू हवीच असेल तर बोटभर थराहून जास्त नको.

8. खाणे

नवा आणलेला डिस्कस काही दिवस खात नाही, त्यात आजार काही नाही. मोठा निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. नुकसान उपाशी राहण्यापेक्षा त्याने खावे म्हणून टाकत राहिलेल्या आणि तळाशी कुजणाऱ्या खाण्याने होते. दहा मिनिटांत न संपलेले काढून टाका. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) बहुतेकांना खुणावतात, त्यावरून हळूहळू बारीक दाण्यांवर आणा. जिवंत ट्युबिफेक्स मी देत नाही, घाण पाण्यातल्या या किड्यांबरोबर रोगजंतू आणि परजीवी येऊ शकतात.

9. आता रोग

इथवर सगळे तपासून निर्दोष आले, किंवा एकच मासा बिघडलेला आहे आणि छळ दिसत नाही, तर त्याला मोकळ्या तळाच्या वेगळ्या टाकीत हलवा. तिथे पाणी तेच, तापमान तेच, आणि चालत्या फिल्टरमधला एक स्पंज. औषध द्यायचे ते या टाकीतच. मोठ्या टाकीत ओतलेले औषध निरोगी माशांना आणि फिल्टरलाही प्यावे लागते.

पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि हळूहळू बारीक होत जाणारे कपाळ-पाठ: आतड्यातले हेक्झामिटा-स्पायरोन्यूक्लियस गटातले एकपेशीय परजीवी किंवा कृमी. यात डोक्यावर बारीक खड्डेही पडू शकतात. पण मासा दोन-तीन दिवस उपाशी असला तरी विष्ठा पांढरी होते, कारण आत फक्त आतड्यातला चिकट स्राव असतो. तेवढ्या एका लक्षणावर मेट्रोनिडॅझोल सुरू करू नका. हे औषध कृमींवर चालत नाही, आणि कृमींचे औषध या परजीवींवर चालत नाही. नेमके काय आहे ते ताज्या विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून कळते.

एक कल्ला मिटलेला, अंग घासणे, झटके: कल्ल्यांवरचे फ्लूक (बारीक चपटे परजीवी). यावर प्राझिक्वाँटेल वापरतात. औषधाने मोठे फ्लूक मरतात पण अंडी तग धरतात, म्हणून दुसरी मात्रा लागते. ती चुकवली की तक्रार पंधरवड्यात परत येते. मात्र अमोनियानेही कल्ले जळतात आणि मासा असाच वागतो. सहावी तपासणी गाळून इथे आला असाल तर मागे जा.

नवा मासा आणल्यावर काही दिवसांत एकामागोमाग एक सगळे काळे, अंगावर पांढुरका चिकट थर, पर मिटलेले, एका कोपऱ्यात गोळा: डिस्कस पाळणारे याला डिस्कस प्लेग म्हणतात. हे झपाट्याने पसरते. जाळी, नळ्या, बादल्या वेगळ्या करा, टाकीतला एकही मासा कोणाला देऊ नका आणि नवा आणू नका.

नवे मासे चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत आपल्या जुन्या माशांपैकी एक त्यांच्यात सोडून बघावा. नवे मासे स्वतः ठणठणीत दिसत असूनही रोग वाहून आणू शकतात. जुना मासा आजारी पडला तर निदान पुढची टाकी वाचते.

कधी थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, हीटर तडकला, वायरीवर पाणी ओघळले: हात बाहेर काढा, पाण्याला पुन्हा स्पर्श न करता मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. टाकीच्या लाइनवर अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच त्याच्याकडून बसवून घ्या. हे स्वतः करून बघू नका.

काचेचा सांधा पाझरतो आहे किंवा स्टँड एका बाजूला कलला आहे: 250 लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचेच 250 किलो. पाणी निम्म्यावर आणा, मासे हलवा, टाकी बनवणाऱ्याला बोलवा. भरलेल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन फासून भागत नाही.

माशांच्या पशुवैद्याकडे लगेच जावे अशा वेळा: दोन दिवसांत एकाहून जास्त मासे दगावले, उघड्या जखमा किंवा फुगलेले डोळे-पोट दिसते, मासा खातो आणि तरी बारीक होत जातो, किंवा एक औषध पूर्ण मात्रेने देऊन फरक पडला नाही. दुसरे औषध अंदाजाने सुरू करू नका. प्रतिजैविके तर पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय नकोच, मात्रा चुकली की जंतू निर्ढावतात आणि फिल्टरमधले जिवाणूही मरतात.

जाताना वही न्या. शक्य असेल तर आजारी पण जिवंत मासा त्याच्याच पाण्यात, हवा भरलेल्या पिशवीत न्या. मेलेला मासा 29 अंशांत इतक्या लवकर खराब होतो की तासाभराने कल्ल्यावरचे परजीवी सापडणे कठीण. तोच न्यायचा असेल तर दिसताक्षणी बाहेर काढून पिशवीत घाला आणि बर्फावर ठेवा. फ्रीजरमध्ये नको, गोठल्याने पेशी फाटतात. टाकीच्या पाण्याचा नमुना माशाच्या पिशवीतून न घेता वेगळ्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून घ्या, कारण वाटेत मासा स्वतःच्या पिशवीतले पाणी बिघडवतो आणि अमोनियाचा आकडा मग टाकीचा राहत नाही.